मंजुळेनं निवडलेलं इंजिन

शहाऐंशी साली घाटकोपरच्या गॅरेजात चंदर नव्या, चकचकीत डिझेल इंजिनावर भाळला होता. जीपला ते बसवून एकट्यानंच लडाखला जायचा त्याचा बेत होता. मढच्या कोळीवाड्यातून सोबत आलेली त्याची बायको मंजुळा मिस्त्रीला म्हणाली, "बॅटरी उतरली तर हे चालू कसं करायचं?" "धक्का मारायचा, वहिनी." "तिकडे डोंगरात धक्का मारणार कोण?" मिस्त्रीनं हसून कोपऱ्यातलं जुनं, हॅण्डलवालं इंजिन दाखवलं. बापाच्या होडीचं असलंच इंजिन लहानपणापासून मंजुळाच चालू करायची. तिनं पदर खोचला, हॅण्डल अडकवलं आणि जोरात फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडू लागलं तसा मिस्त्री ओरडला, "झकास!" चंदर बायकोकडे बघतच राहिला. "हेच घेऊ," तो म्हणाला. मग चाचरत त्यानं विचारलं, "तू येशील लडाखला?" ऑईलनं काळे झालेले हात पुसत मंजुळा हसली, "मग मला चालू करता येणारं इंजिन मी उगाच निवडलं का रे?"