दोन मिनिटांसाठी बंद

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी गळ्यातलं बटण दाबलं, की क्लाउडवरचं मशीन आमच्या पडद्यावर लाल दिवा लावतं. त्या मशीनची मेमरी कमी पडू लागली, तेव्हा ज्येष्ठ इंजिनिअर, आमचे मास्तर, म्हणाले, “बाळा, डिस्क चालत्या मशीनवर वाढवता येते. मेमरी वाढवायला ते दोन मिनिटं बंद ठेवावं लागतं. तेवढा वेळ बटण चालणार नाही, हे आधी सगळ्या आजी-आजोबांना फोनवर कळव.” एकेकाला सांगून मी यादीवर खूण करत गेले. शेवटी माझ्या आईचं नाव होतं. ती उगाच घाबरेल म्हणून फोन न करताच खूण केली. मशीन थांबवलं. पडदा काळा झाला. दोन मिनिटं संपता संपेनात. मशीन सुरू झालं. एकच दिवा लागला, आईचा. “आई!” मी माइकमध्ये ओरडले. तिच्या बटणातून आवाज आला, “अगं, कधीची दाबतेय! न्हाणीघरात पडलेय. तुमचं यंत्र झोपलं होतं का?” मास्तर यादीत बघून रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होते, बोट आईच्या नावापुढच्या माझ्या खोट्या खुणेवर थांबलेलं.