दामिनीच्या भारोभार

"एकशे चाळीस म्हणजे सत्तर," वीरेंद्रने हिशेब सांगून टाकला. "दोन पौंडाचा एक किलो. एवढी काय डोकेफोड करून राहिले तुम्ही लोकं?"

वीरेंद्रचं सौंसरच्या बसस्टँडजवळ केकचं दुकान आहे. तिथे पौंड म्हणजे अर्धा किलो, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यावर वाद घातलेला नाही. वाद घालायला घरात माणसं होतीच.

"सत्तर किलो गूळ?" त्याचे वडील भिवाजी म्हणाले. "अर्धं सौंसर बोलवा लागन खायाले."

हे सगळं वीरेंद्रच्या आईने, कलाबाईंनी काढलं होतं. लेक दामिनी अमेरिकेत सुखात नांदली तर तिच्या भारोभार गूळ वाटीन, असा नवस म्हणे त्या बोलल्या होत्या. दोन वर्षं त्याचं नाव नव्हतं. गेल्या आठवड्यात तो अचानक आठवला आणि घरात कुणाला सुखाने दोन घास खाता येईनात. नवस फिटला नाही तर पोरीला भोवेल, हे एकच पालुपद. कोणत्या देवाचा नवस, असं विचारलं की म्हणायच्या, "आधी वजन तर येऊ द्या."

वजनाशी या घराचं वाकडंच आहे. दामिनी जायची होती तेव्हा बॅगेवरून असंच रामायण झालं होतं. कापूस तोलायच्या काट्यावर आधी ती एकटी उभी राहिली, मग बॅग उचलून उभी राहिली. त्यातून हे वजा करायचं, तर भिवाजी आणि वीरेंद्र यांची उत्तरं जुळेनात. शेवटी कलाबाईंनी लोणच्याची बरणी बाहेर काढली आणि वाद तिथेच मिटला.

"पुन्हा लाव फोन," कलाबाई म्हणाल्या.

"आई, सांगितलं न तिनं आत्ता."

"थे अंदाजे सांगितलं. देवाचं माप अंदाजे चालत नाही. काट्यावर उभी राहून सांग म्हणा."

वीरेंद्रने कपाळावर हात मारून घेतला आणि फोन लावला. चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. दामिनीच्या फोनचा कॅमेरा दिवाळीपासून बिघडलेला होता आणि तो दुरुस्त करायला तिला वेळ मिळत नव्हता.

फोन जावयाने, कुलदीपने उचलला. "आई, आत्ताच तर बोलणं झालं न तुमचं. रात्र झाली इकडे."

"दोन मिनिटं, जावईबापू. देवाचं काम आहे."

फोन दामिनीकडे गेला. "काय आई?"

"वजनाच्या काट्यावर उभी राह्य अन् पाहून सांग."

"सांगितलं न मी, एकशे चाळीस. बरी आहे मी. तू कायले काळजी करून राहिली?"

"देवाच्या नावानं विचारून राहिली, दामिनी. यात कमीजास्त झालं तर पाप तुह्या मायले लागन."

पलीकडे काटा ओढल्याचा आवाज आला. आकडा नीट ऐकू यावा म्हणून वीरेंद्रने फोनचा आवाज वाढवला.

"एकशे बारा," दामिनी हळूच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

भिवाजींचा पारा चढला. "घडीभरात अठ्ठावीस पौंड कुठं गेले? हा काटा आहे का चेष्टा?"

"आधी जोडे, कोट घालून मोजलं असन. थंडी राहते न तिकडे," वीरेंद्र म्हणाला. "एकशे बारा म्हणजे छप्पन किलो. झालं एकदाचं."

"छप्पन नाही, एक्कावन्न," त्याची बायको तृप्ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. हातात मोबाइल होता. "तुमचा पौंड केकचा आहे. खरा पौंड अर्ध्या किलोच्या आतच भरते."

"मंग मी इतकी वर्षं गिऱ्हाइकाले जास्त केक देऊन राहिलो का?"

"देऊन राहिले असान. मले काय विचारता?"

मग केक की दामिनी, हेच कळेनासं झालं. वीरेंद्र दुकानाची आण घेऊ लागला. त्यातच गुळाच्या दुकानातून शालिकरामचा तिसऱ्यांदा फोन आला, भेल्या किती काढून ठेवू म्हणून. भिवाजींनी त्याला थांबायला सांगितलं आणि तृप्तीकडून पुन्हा एकदा मोजून घेतलं. पुन्हा एक्कावन्नच आले. कलाबाई यातल्या कशातही बोलल्या नाहीत. एरवी त्या पावभर साखरेवरून दुकानदाराशी भांडतात, म्हणून भिवाजींना ते जरा विचित्रच वाटलं.

"बरं, एक्कावन्न," ते वैतागून म्हणाले. "आता तरी सांग, गूळ न्याचा कोणत्या देवाले? सकाळपासून डोकं खाऊन ठेवलं तू आमचं."

कलाबाई उठल्या. स्टूल ओढून त्यांनी माळ्यावरची मोठी बॅग खाली घेतली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसायला लागल्या.

"शालिकरामले नाही म्हणून सांगा. गूळ नाही लागत."

"अन् नवस?"

"मी कोणत्याच देवाले काही बोलली नाही," कलाबाई म्हणाल्या. "बॅग तोलली थ्या दिवशी आपल्या काट्यावर पोरगी बासष्ट किलो भरली होती."