डावीकडे बघणारं साळिंदर

"हे बघ, हेही डावीकडेच बघतंय!" निवृत्त हेडमास्तरांनी मातीचं साळिंदर टेबलावर ठेवलं. पाठीवरच्या भोकांत टाक खोचायचे, पोटात शाई भरायची. शंभर वर्षांपूर्वीची दौत. संग्रहातली एकोणिसावी.

घुबड, बेडूक, अस्वल, सगळी मंडळी कपाटातून मान डावीकडे वळवून बघत होती. कारागीर एकच, यावर मास्तर पैज मारायला तयार होते. फक्त त्याचं नाव कुठे सापडत नव्हतं. येत्या रविवारी संग्राहकांच्या सभेत त्याच्यावरच भाषण होतं, आणि नावाशिवाय भाषण म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट.

"पण जुनी कशावरून?" बायकोनं विचारलं.

"तळाची वाळलेली शाई बघ. इतकी मुरायला तीन पिढ्या जातात. आणि हो, माझी शाईची बाटली पुन्हा संपली. मी असं लिहितो तरी किती?"

"बोलण्यातून सवड मिळाली तर लिहाल ना!" ती केसांच्या आकड्यानं नखांतली माती काढत म्हणाली. तिला गच्चीवरच्या कुंड्यांचा भारी नाद.

मास्तरांनी जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं. "दौती येतात कुठून, एवढंच सांगा."

"एका घरातून," दुकानदार म्हणाला. "माणसं भिडस्त आहेत. नाव फोडलं तर पुढचं जनावर यायचं नाही. बोला, नाव हवं की जनावर?"

मास्तर बराच वेळ घुटमळले.

"मगर मिळेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघतो. वहिनींच्या कुंड्या काय म्हणतायत?"

चार दिवसांनी भाषणाची तालीम करताना मास्तर एकदम ओरडले, "नाव नसू दे, माणूस सापडला! बिचाऱ्याला डावीकडून सारखं कुणीतरी हाका मारत असणार. बायकोच. महाकजाग! दोन घटका सुखानं काम करू दिलं नसेल."

"बिचारा!" ती म्हणाली आणि झारी घेऊन गच्चीवर गेली.

मास्तर कागद सावरत जिन्यापाशी आले. पायऱ्या चढायचा कंटाळा. ते नेहमी खालूनच बोलत.

"अगं, ऐकलंस का?"

तिनं डावीकडे, जिन्याच्या दिशेनं मान वळवली. सुस्कारा टाकला. मग कुंड्यांमागचं ओलं फडकं दूर केलं आणि मगरीचीही मान तेवढीच वळवली.