राजाचं नाक

एलिसेओच्या बोटीतून माया संस्कृतीची पुरातन देवळं बघायला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याच्या आईचं जेवणाचं पातेलं रोज जायचं. आज प्रथमच पातेल्यासोबत आईही होती. नदीभर तिनं झाकणावरचा हात काढला नाही. देवळाच्या भिंतीतल्या भल्यामोठ्या दगडी चेहऱ्यासमोर एलिसेओनं नेहमीचं भाषण ठोकलं: "हा राजा कोण, कुणालाच ठाऊक नाही." "डोळे फुटले का?" आई म्हणाली. "नाक बघ, थेट तुझ्या बापाचं!" पाहुण्यांनी दगडाकडे पाहिलं, मग एलिसेओकडे, आणि हशा पिकला. तोवर तिनं नारळाच्या दुधातला राजमा-भात केळीच्या पानावर वाढून चेहऱ्यापुढे ठेवलासुद्धा. "आई, इथं खायला बंदी आहे!" "गेलेल्यांना आधी वाढायचं, मग आपण. उशीर झाला की तुझा बाप अस्संच तोंड करायचा." पहारेकरी दिसताच एलिसेओ पानासमोर आडवा उभा राहिला. "हा राजा," त्यानं पाहुण्यांना सांगितलं, "जेवायला उशीर झाला की रुसायचा."