घट्ट धरलेला हात

तोंडात नळी असल्यामुळे काकांना बोलता येत नव्हतं. "दुखलं की नुसता माझा हात दाबा, लगेच इंजेक्शन देते," असं त्यांचा हात हातात धरून सांगून नर्स शेजारच्या खाटेकडे वळली. तेवढ्यात भेटीची वेळ झाली आणि काकूंनी येऊन तोच हात हातात घेतला.

कळ मस्तकात गेली तसा काकांनी होता नव्हता तेवढा जोर लावून हात दाबला.

उभ्या संसारात चारचौघांत बायकोचं बोटसुद्धा न धरलेल्या माणसाचं हे धाडस बघून काकू लाजल्या. त्यांनी दोघांचे हात हळूच चादरीखाली सरकवले.

नर्स इंजेक्शन भरूनच आली. "काकू, हात दाबला का हो यांनी?"

काकांनी पुन्हा जीव खाऊन दाबला.



"छे गं," काकू खाली बघत म्हणाल्या, "यांचा तसला स्वभावच नाही."