तपकिरी बाटली

एक अनोळखी माणूस विजार दुमडून नदीत उतरला, तेव्हाच चंद्रावतीचं चुलीवरच्या डाळीवरचं लक्ष उडालं.

तिचं घर वस्तीतलं शेवटचं, अगदी नदीला लागून. मागच्या दारातून सगळं दिसत होतं. माणसाने तपकिरी काचेची मोठी बाटली पाण्यात बुडवली, बूच दाबून बसवलं आणि सरळ तिच्याच घराकडे निघाला. आता आली का पंचाईत!

"वैनी, जरा विस्तव मिळेल?" मराठी माणसं मोजकीच असलेल्या या बेटावर तो चक्क मराठीत बोलला. "लाख वितळवून बुचावर मोहर मारायची आहे."

नाव यशपाल, राहणार क्वात्र बॉर्न शहरात, नोकरी सरकारी आरोग्य खात्यात. एवढं त्याने न विचारताच सांगितलं. त्याच्या पोटऱ्यांना काळा चिकट फेस लागला होता.

"मोहर कशाला, भाऊ?"

"वाटेत कुणी उघडली नाही, हे कळायला. शनिवारी तुमची लाकूप संपते, ऊसतोड आटोपते. ऊस संपला की कारखाना बंद आणि नदी साफ. मग जूनपर्यंत मला तपासायला काय मिळणार? काय ते या बाटलीत."

"आन् खराब निघालं तर?"

"तर कारखान्याला हे पाणी नदीत सोडता येणार नाही. कुणीतरी आमच्याकडे तक्रारीचा कागद लिहिला आहे. पाण्यात काही निघालं नाही, तर मात्र लिहिणाऱ्याची धडगत नाही."

"कुणी लिहिला?"

"ते नाही सांगता येत, वैनी."

कारखान्याचं गरम, मळीचं पाणी नदीत सोडायला एक लाकडी फळी होती. ती रोज सकाळी उचलायचं काम तिच्या नवऱ्याचं, जयदेवचं. पंधरा दिवसांपूर्वी नंदलाल सिरदार, कारखान्याचा मुकादम, तिला नळावर गाठून म्हणाला होता, "सरकारी माणूस पाणी न्यायला येणार म्हणतात. काय निघालं तर मिस्ये मालक, त्याला कोण हात लावतो? फळीवरचा माणूस पयला जाईल. आन् घर कारखान्याचं हाय, इसरू नको."

खोटं काय होतं त्यात? मोठी माणसं कधी सापडली आहेत?

जयदेवने तर हाय खाल्ली होती. यंदा गणपती बोळवायला सगळे नदीवर गेले, तर पाण्यावर फेसाचा थर आणि काठाला मेलेले कामारों झिंगे, उलटे पडलेले. फळी सकाळी त्यानेच उचललेली. मूर्ती हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. तेव्हापासून ताटातला भात निम्मा राहायचा. रोज संध्याकाळी दारात पाय ठेवला की एकच प्रश्न: "कुणी आलं होतं का?" एवढा मोठा बाप्या, पण भीतीने पार वाळला होता. तिला त्याची दया यायची, आणि रागही यायचा.

"बस यायला अजून तास हाय," ती यशपालला म्हणाली. "भात, डाळ, ब्रेदची पालेभाजी. आपला मराठी माणूस दारातनं उपाशी जातो व्हय? हातपाय धुवा जावा मागं."

तो लाजला, मग बाटली पडवीत ठेवून गेला.

चंद्रावतीने बूच ओढलं. अर्ध्याहून अधिक पाणी मोरीत गेलं. वास यावा एवढंच तळाशी ठेवून तिने वर कळशीतलं नळाचं पाणी ओतलं, बूच बसवलं आणि बाटली पदराने पुसली. एक थेंब सांडला नाही.

यशपाल पोटभर जेवला. मग लाखेची कांडी विस्तवावर धरताना त्याने बाटली उचलली आणि थांबला.

"गार झाली की! नदीत तर चांगली कोमट होती."

"पडवीतल्या गार दगडावर ठेवली ना तुमी."

त्याने बूच जरासं सैल करून हुंगलं. मळीचा वास होता. लाल लाख बुचावर पसरली, त्यावर सरकारी ठसा उमटला.

"मेर्सी, वैनी. असं जेवण क्वात्र बॉर्नला मिळत नाही."

बस त्याला घेऊन गेली, तेव्हा कुठे ती खाली बसली.

भोंगा वाजल्यावर जयदेव आला. दारातच विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"आला होता."

"पाणी नेलं? नदीतलं?"

"नेलं. लाख बी माज्याच चुलीवर लावली."

जयदेव उंबऱ्यावरच टेकला. डोळे पुसले आणि मग हसला. कित्येक महिन्यांत तिने ते हसणं पाहिलं नव्हतं.

"वाढ. भूक लागली."

तिने शिगोशीग भात वाढला. आपण काय केलं ते सांगायला जीभ नुसती वळवळत होती, पण आधी पोटभर जेवू दे, म्हणून तिने भातावर डाळ ओतली.

तोच बोलला, डाळ कालवत.

"तुला सांगितलं नाय, तू भ्याली असतीस. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मीच तो कागद लिहिला. फळी मी उचलतो, मंग लिहायला दुसरं कोण पायजे? आज नंदलालनं माज्या जोडीच्या हरिलालवर कागद लिहिल्याचा आळ घेतला. बे, की पू फेर? करणार काय? मी सरळ मिस्येच्या पुढं जाऊन हुबा राहिलो. बोललो, लिहिणारा मी. खोटं निघालं तर शनिवारी घर खाली करतो. आता भ्यायचं काय? पाणी तर गेलं मोहर लावून. वाढ, आणिक थोडा भात वाढ."