लाल हात

पहिली थप्पड सासूबाईंना बसली. त्या दार उघडायला गेल्या होत्या. चष्मा उडून शिलाई मशीनखाली गेला आणि तिघे जण बुटांनिशी आत घुसले.

व्यंगचित्रं काढणारी सून टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होती. तिने पायानेच मुलीला टेबलाखाली सारलं आणि टेबलक्लॉथ ओढून घेतला. पाच वर्षांची पोर रंगपेटी पोटाशी धरून चिडीचूप बसली.

तिघांतल्या जाड्याने आजचा पेपर सुनेच्या तोंडासमोर धरला. "चित्र तुझंच ना?"

तिचंच होतं. खून झालेल्या पत्रकाराच्या घरी सांत्वनाला गेलेला पुढारी, हात जोडून उभा. मिळमिळीत चित्र. एके काळी याच पुढाऱ्याची तिने रोज सालटी काढली होती. मुलगी झाल्यापासून मात्र तिची रेघ जपून चालायला लागली होती. काल ऑफिसचा माणूस आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती. सासूबाईंनीच टेबलावरचं चित्र पाकिटात घालून दिलं.

तिने पांढरे सोडलेले ते हात पेपरात मनगटापर्यंत लालभडक होते.

"साहेब त्या दिवशी परगावी होते," जाड्या म्हणाला. "सगळ्या पेपरांत तसंच आलंय. मग हे कुणी सांगितलं तुला? कोण होतं तिथे?"

ती होती. मुलीला शाळेतून आणताना. पत्रकाराच्या डोक्यात लोखंडी गज पुन्हा पुन्हा बसत होता, आणि तो साहेबांच्या हातात होता. बंद दुकानाच्या आडोशाला तिने मुलीचं तोंड पोटाशी दाबलं, वेळेवर तिचे डोळे झाकले. घरी येऊन कुणालाच काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

लाल रंग पोरीचा लाडका. मांजरसुद्धा लाल काढायची. पण पोरीने रंगवलं म्हणावं, तर हे पोरीलाच ओढून विचारणार.

"आई, सुनेला समजवा," दुसरा सासूबाईंचा हात पिरगाळत म्हणाला. त्यांच्या खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. तिसरा वाकला. त्याने टेबलक्लॉथचं टोक चिमटीत धरलं.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "मी एकटीच होते. हात मीच रंगवले."

टेबलक्लॉथ सुटला. जाड्याने तिचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि खणावर लाथ घातली. मग दुसरी. तिसऱ्या लाथेला बोटांतून वर आलेलं हाड तिने स्वतः पाहिलं. ती ओरडली नाही. खाली पोर घाबरली असती.

"पुढच्या वेळी डोळे," जाड्या म्हणाला. पेपर तिच्या मांडीवर टाकून ते जिना उतरले.

सासूबाई भिंतीला धरून शेजाऱ्यांना हाका मारायला लागल्या. टेबलक्लॉथ हलला. पोर रांगत बाहेर आली आणि आईच्या मांडीवरच्या चित्राकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या मनगटावर बोट टेकवलं.

"आई, मी बरोबर रंगवलं ना? त्यांना रक्त इथपर्यंतच लागलं होतं."